मुलाम्याखालचा इतिहास : जुन्या फियाटच्या आतलं क्रोम

इतिहासाच्या व्याख्यानात मोटारीची काच खाली करायचं हँडल कुठून आलं, असं काहींना वाटलं असेल. पण आजचा विषय तोच आहे. जुनी मोटार नव्यानं उभी करताना तिच्या आतले चकचकीत भाग कुठून मिळवायचे, आणि त्यांच्यावर पुन्हा मुलामा चढवायचा म्हणजे नक्की काय करायचं. इंजिनाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. रंगाबद्दलही आहेत. आतल्या हँडलबद्दल कोणी बोलत नाही, आणि गाडी अडकते ती मात्र तिथेच.

उदाहरण म्हणून मी आपली फियाट घेतो. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बनवलेली. आधीची ती गोलमटोल, जिला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. मग १९६४ पासूनची ११०० डिलाइट. सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी झालं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी पकडली आहे, त्या प्रत्येकाच्या हाताला हे भाग लागलेले आहेत. दाराचं आतलं हँडल, काच वर-खाली करायचं हँडल, पुढच्या त्रिकोणी काचेची कडी, आरशाची चौकट, डॅशबोर्डवरची पट्टी, स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग. आपण त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही, कारण भाडं किती झालं ते मीटरवर पाहत होतो.

तर आधी मुलामा म्हणजे काय, ते पाहू. शब्द आपल्या घरातला आहे. सोन्याचं पाणी दिलेल्या बांगड्या आपल्याला माहीत आहेत, भांड्यांना कल्हई करणारा गल्लीत यायचा तेही आठवत असेल. पण कल्हईत कथील वितळवून भांड्यावर पुसून घेतात. मोटारीच्या हँडलवर धातू बसतो तो विजेनं. व्होल्टानं १८०० साली विद्युतघट जाहीर केला आणि पाचच वर्षांत, १८०५ मध्ये, इटलीतल्याच ब्रुन्यातेल्ली यांनी त्या विजेनं सोनं चढवून दाखवलं. धंदा म्हणून ते उभं राहिलं १८४० नंतर, बर्मिंगहॅमला, एल्किंग्टन घराण्याच्या पेटंटवर. चांदीचे चमचे म्हणून जे मध्यमवर्गाच्या टेबलावर आले, ते आतून चांदीचे नव्हतेच.

निकेल आलं १८६९ च्या सुमारास, अमेरिकेत, आयझॅक अ‍ॅडम्स यांच्या पेटंटमुळे. सायकली, शेगड्या, दिवे यांच्यावर निकेल चढलं. सुरुवातीच्या मोटारींचे दिवे आणि भोंगे पितळेचे होते, रोज घासावे लागत. मग निकेल आलं, आणि घासणं कमी झालं, पण संपलं नाही. निकेलवर हवेनं पिवळट झाक धरते. म्हणून १९१५-२० च्या गाडीत तुम्हाला झळझळीत निळसर चमक दिसली, तर समजायचं की कोणीतरी नंतर हात मारलेला आहे. निकेलची चमक उबदार असते, किंचित पिवळी. क्रोमची थंड, निळ्या छटेची. दोन चमचे शेजारी ठेवून पाहा, एकदा डोळ्यांना कळलं की विसरत नाही.

आणि क्रोम? ते खूप उशिरा आलं. क्रोमियम हा धातू १७९७ च्या सुमारास माहीत झाला होता, पण विजेनं तो भरवशानं चढवता येईना. ते जमलं १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, कॉलिन फिंक आणि त्यांचे विद्यार्थी चार्ल्स एल्ड्रिज यांना. गोम होती प्रमाणात. क्रोमिक अ‍ॅसिडच्या हौदात अगदी थोडं सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं, साधारण शंभरास एक. जास्त पडलं तरी बिघडतं, कमी पडलं तरी बिघडतं. पाच-सहा वर्षांच्या आत अमेरिकेतल्या बहुतेक कारखान्यांनी निकेलवर क्रोम चढवायला सुरुवात केली, आणि गाडी घासणारा नोकर एका कामातून सुटला.

आता इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. आपण ज्याला क्रोम म्हणतो, त्यात क्रोम जवळजवळ नसतंच. शोभेच्या भागावर क्रोमचा थर असतो अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे एका केसाच्या जाडीत क्रोमचे शंभराहून जास्त थर मावतील. त्याच्या खाली निकेल, ते चांगल्या कामात दहा ते तीस मायक्रॉन. त्याच्याही खाली तांबं. आणि सर्वांत खाली मूळ धातू, जो बफच्या चाकावर घासून घासून आरशासारखा केलेला असतो. क्रोमला ओरखडा लवकर पडत नाही आणि ते काळं पडत नाही, एवढंच त्याचं काम. चमक असते खालच्या निकेलची आणि त्याच्याही खालच्या घासणीची. गंजापासून वाचवतं तेही निकेलच. त्यामुळे एखाद्या काळात क्रोम कसं होतं हा प्रश्न खरं तर असा असतो, की त्या काळात निकेल किती मिळत होतं, आणि घासणाऱ्याला किती वेळ दिला जात होता.

याचा पुरावा पाहायचा असेल तर अमेरिकेतल्या १९४२ च्या गाड्या पाहाव्यात. पर्ल हार्बरनंतर सरकारनं हुकूम काढला, की बंपर सोडून बाकी चकचकीत सजावट बंद. जानेवारी ते फेब्रुवारी, जेमतेम दीड महिना ज्या गाड्या बाहेर पडल्या, त्यांच्या पट्ट्यांना आणि जाळ्यांना साधा रंग मारलेला होता. त्यांना ‘ब्लॅकआउट’ गाड्या म्हणतात. फेब्रुवारीत मोटारींचं उत्पादनच थांबलं. आज अशी गाडी एखाद्याला मिळाली आणि त्यानं हौसेनं सगळ्यावर क्रोम चढवलं, तर गाडी सुंदर दिसेल आणि युद्ध पुसलं जाईल.

दुसरं उदाहरण कोरियन युद्धाचं. १९५१ पासून अमेरिकेत निकेल लष्करासाठी राखून ठेवलं. जेट इंजिनांच्या मिश्रधातूंना ते हवं होतं. मोटार कंपन्यांनी मग निकेल गाळून तांब्यावरच क्रोम चढवलं आणि वरून पारदर्शक लॅकर मारलं. १९५२ च्या गाड्यांचं क्रोम वर्ष-दोन वर्षांत उडालं. खरेदीदार चिडले, विक्रेत्यांनी हात वर केले. पण इतिहासाच्या दृष्टीनं ते उडालेलं क्रोमच मौल्यवान आहे. कोरियातल्या लढाईची खूण अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या शेडमध्ये, एका दाराच्या हँडलवर आहे.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईत परदेशी गाड्या जोडल्या जात. जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून. फोर्डही होती. सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं मोटारधंद्याचा विचार केला आणि धोरण असं ठरलं की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही; जो टप्प्याटप्प्यानं भाग इथे बनवेल त्यानंच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स राहिल्या.

या धोरणावर पुष्कळ वाद झाले आहेत, मी आज त्यात शिरत नाही. मला दिसतो तो त्याचा एक बारीक परिणाम. टप्प्याटप्प्यानं भाग इथे बनवायचे, तर सुरुवात कुठून होणार? इंजिनाचा ठोकळा ओतणं अवघड. हँडल, कड्या, पट्ट्या बनवणं त्या मानानं सोपं. मोठ्या कंपन्या अशी कामं बाहेरच्या लहान पुरवठादारांकडे सोपवतात, आपल्याकडेही तसंच झालं. त्यामुळे एकाच नावाच्या मोटारीत, दोन-चार वर्षांच्या अंतरानं, एकसारखं दिसणारं पण वेगळ्या हातानं घडलेलं हँडल सापडतं. पुढून ओळखू येत नाही. भाग उलटा करा. मागच्या बाजूला ओतकामाच्या साच्याची रेघ असते, कधी क्रमांक असतो, कधी बनवणाऱ्याची खूण. ज्याला संग्रह करायचा आहे त्यानं पुढची बाजू नंतर पाहावी.

आणि निकेलचं काय? इथे आपल्या देशाची गंमत आहे. क्रोमाइट आपल्याकडे भरपूर. ओडिशातलं सुकिंदा खोरं त्यासाठी जगात ओळखलं जातं. पण जे खरं काम करतं ते निकेल आपल्याकडे निघत नव्हतं, बाहेरून आणावं लागे. परकीय चलनाची टंचाई, आयातीचे परवाने, अलोह धातूंवर सरकारी नियंत्रण, हा सगळा काळ आठवा. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या एमएमटीसी या सरकारी महामंडळामार्फत असे धातू येऊ लागले. चढवणाऱ्याच्या हातात निकेल म्हणजे रोकड. हौदात भाग पंधरा मिनिटं ठेवायचा की चाळीस, यावर त्याचा महिना ठरायचा. गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटांचं काम आणि चाळीस मिनिटांचं काम त्या दिवशी सारखंच दिसतं. फरक कळतो तिसऱ्या पावसाळ्यात. मुंबईची हवा खारट आणि दमट, ती सगळा हिशेब उघडा पाडते. पातळ निकेलमधल्या बारीक भोकांतून ओल आत जाते, खाली लोखंड असेल तर तांबूस ठिपके येतात, जस्त असेल तर पांढरी पूड आणि फोड.

जस्ताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुन्हा मुलामा द्यायला जाणारा माणूस रडतो तो जस्तामुळे. लहान, नक्षीदार भाग एकेक घडवणं महाग पडतं. वितळलेलं जस्त दाबाखाली पोलादी साच्यात घालायचं, की मिनिटाला कितीतरी नग तयार. पण सुरुवातीच्या जस्तात शिसं, कथील यांची भेसळ असे आणि असे भाग आतूनच तडकत, फुगत, हातात चुरा होत. १९२९ च्या सुमारास न्यू जर्सी झिंक कंपनीनं अतिशुद्ध जस्तात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं घालून ‘झामाक’ नावाचा मिश्रधातू काढला. इंग्लंडात त्याला ‘मझॅक’ म्हणतात. ऐकायला मजाक वाटतं, आणि जुन्या गाडीच्या मालकाला पुढे तसाच अनुभव येतो. (हशा)

हाताला लागलेला भाग कशाचा आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जिथे अंगठा रोज घासला गेला, तो कोपरा पाहा. तिथे पिवळं दिसलं तर खाली पितळ. लालसर दिसलं तर तो तांब्याचा थर, अजून खाली काय आहे ते कळायचं आहे. करडं दिसलं आणि आकारमानाच्या मानानं वजन पितळेपेक्षा हलकं लागलं तर जस्त. लोहचुंबक घट्ट चिकटला तर पोलाद. आणि काही पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, त्या मुळातच क्रोमच्या नाहीत. त्या चुकून चढवणाऱ्याकडे गेल्या तर परत येत नाहीत, किंवा परत येतात त्या ओळखू येत नाहीत.

आता भाग मिळवायचे कुठून? फियाटच्या बाबतीत आपलं नशीब असं, की ही गाडी जवळजवळ त्याच अंगानं साठच्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली, आणि तिच्या हजारो टॅक्सी झाल्या. राज्य सरकारनं टॅक्सीचं वय आधी पंचवीस वर्षांवर आणि मग २०१३ मध्ये वीस वर्षांवर आणलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. भंगारात मात्र त्याआधी दहा-पंधरा वर्षं रोज निरोप चालला होता. कुर्ल्याला, चोर बाजारात, जिथे जुन्या गाड्या मोडतात तिथे, हँडलांचे ढीग वजनावर विकले गेले. त्या वेळी कोणाला ते हवे नव्हते. ज्यांनी तेव्हा पोत्यानं उचलले ते शहाणे ठरले.

पण टॅक्सीचा भाग घेताना दोन गोष्टी लक्षात घ्या. टॅक्सी दिवसाला किती वेळा दार उघडते? त्या हँडलचे आतले दाते झिजलेले असतात. वरून क्रोम ठीक, पण दांड्यावर बसवलं की फिरतं. ते मुलाम्यानं सुधारत नाही. दुसरं, टॅक्सीत झीज झाली की मूळ भाग बसवायचा असा कोणाचा आग्रह नसे, मिळेल तो लोकल बसे. त्यामुळे ‘टॅक्सीतून काढलेला’ म्हणजे ‘कंपनीचा’ असं नाही. शिवाय पुढच्या वर्षांत धातूचा चकचकाट कमी होत गेला आणि काळ्या प्लास्टिकचं प्रमाण वाढत गेलं. १९९० ची गाडी मोडून १९६५ च्या डिलाइटचा डॅशबोर्ड सजत नाही.

इटलीहून मागवायचं असेल तर तिथे ११०० ची निर्मिती साठच्या दशकाच्या अखेरीस थांबली, पण हौशी लोकांमुळे भाग अजून विक्रीला येतात. दारांचे आणि काचांचे भाग बरेचदा जुळतात. डॅशबोर्डचे नाहीत, कारण तिथे चालक डावीकडे बसतो आणि आपल्याकडे उजवीकडे. पट्टीचे छिद्र उलट्या बाजूला येतात. त्यासाठी उजव्या हाताच्या गाड्या जिथे विकल्या गेल्या, त्या इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे पाहावं लागतं. आणि कोणतीही चकचकीत नवी प्रतिकृती विकत घेण्याआधी मूळ भाग हातात धरून तिच्या कडा पाहाव्यात. प्रतिकृतीच्या कडा मऊ असतात, कारण ती बहुतेक वेळा जुन्या झिजलेल्या भागावरूनच साचा घेऊन केलेली असते.

समजा, भाग मिळाला. आता मुलामा. लोकांना वाटतं, आहे त्यावर आणखी एक हात मारायचा. तसं होत नाही. चढवण्याआधी उतरवावं लागतं. जुनं क्रोम अ‍ॅसिडमध्ये किंवा कॉस्टिकमध्ये उलटा प्रवाह देऊन काढतात. मग निकेल काढतात, मग तांबं. मग बफच्या चाकावर मूळ धातू घासून खड्डे काढतात. खड्डे काढायचे म्हणजे खड्ड्याभोवतीचं सगळं खड्ड्याच्या तळाइतकं खाली आणायचं. आपण भाग भरत नाही, आपण त्याचा डोंगर उतरवतो. जिथे कारागिरानं टोकदार कड दिली होती ती गोल होते. बटणावर कोरलेली अक्षरं पुसट होतात. मागच्या वेळी मी ज्या खुणांबद्दल बोललो, क्रमांक, साच्याची रेघ, त्यातलंही काही जातं. पितळेच्या भागाला दोन-तीनदा हे सोसवतं. जस्ताला एकदाच, तेही नशिबानं. जस्त अ‍ॅसिडमध्ये विरघळतं, म्हणून उतरवताना अतिशय जपावं लागतं; आणि चढवताना थेट निकेल किंवा आम्ल तांबं चालत नाही, आधी सायनाइडच्या हौदातलं पातळ तांबं द्यावं लागतं. खोल खड्डे कोरून स्वच्छ करायचे, त्यावर तांबं, मग कमी तापमानाला वितळणारं डाग भरायचं, कानशीनं बसवायचं, पुन्हा तांबं, पुन्हा घासणी. एका लहान कडीला दोन दिवस जातात. याला जो कारागीर नाही म्हणतो तो प्रामाणिक असतो. जो ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणतो, त्याच्याकडे देऊ नका.

द्यायचंच असेल तर सगळे भाग एकदम द्या. आज चार, पुढच्या महिन्यात चार, असं केलं तर हौदाची तब्येत बदललेली असते आणि डावं दार उजव्या दाराशी जुळत नाही. प्रत्येक भागाचा मोजमापासकट फोटो काढा, मागून-पुढून. नग मोजून चिठ्ठी घ्या. स्प्रिंगा आणि प्लास्टिकचे तुकडे आधी काढून घ्या. ज्या भोकात स्क्रू जातो आणि ज्या दात्यांवर हँडल बसतं, तिथे थर चढू न देण्याबद्दल सांगा, नाहीतर सुंदर हँडल हातोडीनं बसवावं लागेल. आणि जे बरं आहे ते तसंच ठेवा. थोडं धूसर झालेलं, पण फुगलेलं नसलेलं मूळ क्रोम साबणपाण्यानं आणि मऊ फडक्यानं स्वच्छ करून बसवलेलं मला नव्यापेक्षा अधिक आवडतं. फियाटच्याच गावी, ट्युरिनमध्ये, जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेनं २०१२ साली एक सनद तयार केली, ती नाव लावते ट्युरिनचं. तिचा कल जपण्याकडे आहे, नव्यासारखं करण्याकडे नाही. आपल्याकडे मात्र बक्षीस मिळतं ते लग्नाच्या वरातीसारखी चमकणाऱ्या गाडीला.

सरकारी नियमही आता यात आला आहे. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी. म्हणजे १९६४-६५ च्या डिलाइट आता त्या वयात आल्या आहेत. तपासणी समिती इंजिन आणि चौकट पाहील, पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द हँडललाही लागू आहे. मूळ हँडल कोणतं होतं हे सांगणारी छापील यादी हाताशी नसेल, तर पुरावा उरतो तो न घासलेला भागच.

मग हे क्रोम गाड्यांच्या आतून गेलं का? फॅशन बदलली, प्लास्टिक स्वस्त झालं, हे खरंच. पण एक कारण डोळ्यांचं आहे. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकात इतर तक्रारींबरोबर हीही होती, की चकचकीत डॅशबोर्डवरून ऊन आणि समोरच्या गाडीचे दिवे चालकाच्या डोळ्यांत येतात. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियमच लागू झाला: वायपरचे हात, समोरच्या काचेच्या आतल्या पट्ट्या, हॉर्नची रिंग, आरशाची चौकट, यांची चकाकी मर्यादेत ठेवा. आपली फियाट त्या नियमाच्या कक्षेत नव्हती. मे महिन्याच्या दुपारी, पश्चिमेला तोंड करून, ती रिंग ज्यानं हातात धरली आहे त्याला तो नियम वेगळा समजावून सांगायला नको.

शेवटचा भाग जरा जड आहे, पण तो टाळून हा विषय सांगता येणार नाही. क्रोमच्या हौदात जो वीजप्रवाह जातो, त्यातला बहुतेक क्रोम चढवण्यात खर्च होतच नाही, त्याचा हायड्रोजन होतो. बुडबुडे वर येतात, फुटतात आणि क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. ते नाकात गेले की आधी नाक वाहतं, मग आतला पडदा झिजतो आणि अखेर त्याला भोक पडतं. दुखत नाही म्हणून माणसाला कळत नाही. हातावर खोल, गोल जखमा होतात. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात, जे आजार झाले तर सरकारला कळवावेच लागत त्यांच्या यादीत या क्रोमच्या व्रणांचं नाव होतं. पुढे कळलं की हा सहा-संयुजी क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तो पहिल्या गटात टाकला आहे.

युरोपात २०१७ च्या सप्टेंबरपासून खास परवानगीशिवाय क्रोमिक अ‍ॅसिड वापरता येत नाही. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये ठरवलं की शोभेच्या कामातून ते २०२७ पासून हद्दपार करायचं. त्याला पर्याय तीन-संयुजी क्रोम, बराच कमी घातक. त्याची छटा किंचित वेगळी, थोडी गडद असते, आणि शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतात. मी त्यांना एवढंच विचारतो, की कोणाचं नाक?

आपल्याकडे विद्युत मुलाम्याचे कारखाने प्रदूषणाच्या ‘लाल’ वर्गात येतात, सांडपाण्यात सहा-संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडता येत नाही. कागदावर नियम कडक आहे. दाटीवाटीच्या वस्तीत दोन हौद आणि एक बफ घेऊन बसलेला माणूस तो कसा पाळणार, हा प्रश्न आहे, आणि म्हणून असे कारागीर शहरातून कमी होत चालले आहेत. त्यांच्याबरोबर जस्ताची कडी दोन दिवस घेऊन बसण्याचं कसबही चाललं आहे. धंदा बंद होऊ नये असं मला वाटतं, आणि तो होता तसा चालू राहू नये असंही वाटतं. मधला रस्ता महाग आहे: झाकलेला हौद, तुषार ओढून घेणारा पंखा, हातमोजे, वेळेवर नाकाची तपासणी, आणि हे सगळं धरून आकारलेला दर. हँडलमागे काही शे रुपये वाचले म्हणून आनंद मानणाऱ्या गाडीमालकानं पुढच्या वेळी चढवणाऱ्याच्या दुकानात आत जाऊन हौदाच्या वर पंखा आहे का, तेवढं पाहून यावं. नसेल तर भाग परत पिशवीत घालावा.

वेळ संपली आहे. मी इथे काही भाग आणले आहेत, एक पितळेचं हँडल, एक जस्ताची फुगलेली कडी, आणि एक अर्धं उतरवलेलं, ज्यात क्रोम, निकेल, तांबं आणि जस्त चारही पायऱ्यांसारखे दिसतात. हातात घेऊन पाहा, फक्त कडी जपून धरा, तिचा चुरा होतो. प्रश्न तिथेच विचारा.